जुना एचएमटी २५११ ट्रॅक्टर चालता चालता बंद पडतोय, डिझेल पंप खरंच गेलाय का?

पेडणे_वायंगण
नमस्कार मंडळी. मी पेडणे तालुक्यातला. आमच्या घरी एचएमटी २५११ आहे, दोन सिलिंडरवाला, २५ एचपी, बाबांनी १९८४ साली नवा घेतलेला, आणि अजून घरचं शेत आणि वाड्यावरच्या पाच-सहा घरांची नांगरणी त्याच्यावरच होते. इंजिनचं काम एकदा झालंय, क्लच दोनदा, पण डिझेल पंपाला आजपर्यंत कुणी हात लावलेला नाही, इनलाइन पंप आहे आणि त्याची शिशाची सील मूळचीच आहे.

आता प्रॉब्लेम सांगतो. वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या, पाटाच्या पाण्यावरच्या भाताची) चिखलणी सुरू केली तेव्हापासून हे चालू आहे. सकाळी सेल्फ मारला की पहिल्याच फिरकीत चालू, अर्धा-पाऊण तास काही तक्रार नाही, मग लोड आला की आवाज बसायला लागतो, रेस आपोआप वर-खाली होते, थोडा पांढरट धूर टाकतो आणि बंद. डिझेलच्या लाइनवरचा छोटा हातपंप मारून आत अडकलेला एअर काढला की परत चालू होतो पण मग वीस मिनिटं, त्याच्या पुढच्या वेळी दहाच मिनिटं. परवा लोखंडी चाकांसकट चिखलाच्या मधोमध उभा राहिला. पाटाचं पाणी आमच्या पाळीला दोनच दिवस असतं त्यामुळे शेवटी शेजाऱ्यांचा पॉवर टिलर आणून उरलेला कुणगा (भाताचा तुकडा) करून घेतला.

आतापर्यंत काय केलं ते पण लिहितो, कापडाचा आणि कागदाचा दोन्ही फिल्टर नवे घातले, फिल्टरच्या वाट्या धुतल्या, डिझेल बदललं. मेकॅनिक म्हणतो पंप गेला, एलिमेंट, म्हणजे डिझेलला दाब देणारे आतले भाग, झिजलेत, उतरवून बेळगावला पाठवूया, अठरा हजार धरून चला, नाहीतर दुसरा जुना पंप मिळतो तो बसवून देतो. बाबा सील तोडायला तयार नाहीत. ते ७८ वर्षांचे आहेत, आता ट्रॅक्टरवर चढत नाहीत, पण पडवीत बसून आवाज ऐकतात आणि म्हणतात पंप बरा आहे रे, त्याला डिझेल पोचत नाहीय.

मला त्यातलं एवढं कळत नाही. पैशाचं मी बघेन, पण मूळचा चांगला पंप उगाच खोलून बिघडवला असं व्हायला नको. कुणाला अनुभव असेल तर सांगा, पंप पाठवू की थांबू?

सत्तरी_डिझेल
थांबा. पंप उतरवू नका, तुमच्या बाबांच्या कानावर विश्वास ठेवा.

तुम्हीच लिहिलंय की सकाळी पहिल्या फिरकीत चालू होतो आणि एअर काढला की बरा होतो. एलिमेंट झिजलेला पंप असा वागत नाही हो. झिजलेला असेल तर तो कायमच कमी ताकद देतो, आणि गरम झाल्यावर सेल्फवर लवकर पकडत नाही कारण डिझेल पातळ होऊन झिजलेल्या जागेतून निसटतं, हातपंप मारून त्याच्यात काही फरक पडत नाही. हातपंपाने बरा होतो म्हणजे रोग हवेचा आहे, आणि हवा पंपात तयार होत नाही, कुठून तरी आत शिरते.

डिझेलची वाट दोन भागांत बघा. टाकीपासून फीड पंपापर्यंत, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंत, ओढायची बाजू, तिथून पुढे फिल्टर आणि मोठ्या पंपापर्यंत ढकलायची बाजू. ढकलायच्या बाजूला कुठे सैल असेल तर डिझेल बाहेर गळतं, दिसतं, हाताला लागतं. ओढायच्या बाजूला सैल असेल तर इंजिन चालू असताना बाहेर एक थेंब येत नाही, उलट तिथून हवा आत जाते. म्हणून मेकॅनिक सगळीकडे बघतो, कुठे गळत नाही म्हणतो आणि बोट पंपाकडे दाखवतो.

माझा महिंद्रा बी-२७५ दोन वर्षांपूर्वी असाच बंद पडायचा. तीन जणांनी बघितला. शेवटी माझ्या मुलाने बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडलं तर सूंऽऽ करून हवा आत गेली. झाकणाला बारीक भोक असतं ना, त्याच्यात कुंभारमाशीने माती भरून घर केलेलं. डिझेल खाली गेलं की त्याच्या जागी हवा यायला वाट नाही, मग टाकीच डिझेल सोडत नाही. सुईने माती काढली आणि ट्रॅक्टर चालू. म्हणून आधी ते बघा, त्याला पैसे लागत नाहीत.

आणखी काही गोष्टी सांगा म्हणजे पुढचं बोलता येईल. टाकी भरलेली असताना जास्त वेळ चालतो का, आणि अर्ध्याखाली गेली की त्रास वाढतो का? सकाळी ट्रॅक्टर काढायच्या आधी फीड पंपाखाली, हातपंपाखाली ओलं असतं का? असेल तर मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण टाकी वर आणि पंप खाली, रात्री ट्रॅक्टर उभा असताना जिथून डिझेल झिरपतं तिथूनच दिवसा हवा आत जाते.

डिचोली_१०३५
सत्तरीवाल्या काकांनी बरोबर सांगितलं, माझा मॅसी १०३५ आहे पण गोष्ट तीच. मी एक टेस्ट सांगतो जी घरच्या घरी होते. पाच लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा कॅन घ्या, त्याच्यात गाळून डिझेल भरा, आणि टाकीपेक्षा जरा उंच बांधा, मी बोनेटच्या वर लाकडी फळी बांधून ठेवलेला. टाकीकडून फीड पंपाला येणारा पाइप सोडवा आणि त्याच्या जागी कॅनमधून सरळ पाइप द्या. पाइप पारदर्शक हवा, गवंडी लोक लेव्हल बघायला वापरतात तो चालतो. मग एअर काढा आणि शेतात लोडवर चालवा, नुसता अंगणात रेस करून बघू नका, लोड नसेल तर रोग दिसत नाही.

दोन तास बंद पडला नाही तर टाकी, कॉक, पाइप याच्यात घोळ. बंद पडला तर पुढे बघायचं. पाइपात बुडबुडे दिसतात का तेपण बघा. फक्त टेस्ट झाली की तो पाइप काढा, डिझेलने तो कडक होतो आणि टोकाला चिरतो, कायमचा ठेवला तर तोच हवा घ्यायला लागतो.

कुळागर_फोंडा
आमच्याकडे पण जुना ट्रॅक्टर होता, आम्ही डिझेलमध्ये टूटी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं) घालायचो, आताचं डिझेल सुकं असतं जुन्या पंपाला मानवत नाही असं सगळे म्हणतात. आणि टाकीखाली गाडीचा इलेक्ट्रिक डिझेल पंप लावला तर ढकलून डिझेल जाईल, हवा घ्यायचा प्रश्नच नाही. खर्च पण कमी. बघा पटलं तर.

पेडणे_वायंगण
सगळ्यांना देव बरें करूं. लगेच करून बघितलं.

झाकणाचं भोक साफ होतं, तरी सुई घातली. टाकीचं विचारलंत ते अगदी तसंच आहे, भरलेली असताना तास-सव्वा तास चालतो, अर्ध्याखाली गेली की दर पंधरा मिनिटांनी रडारड. आणि सकाळी हातपंपाच्या खाली ओलं असतं! मी रोज बघत होतो, बाबा फडक्याने पुसायचे, पण इतकं थोडं असायचं, एक रुपयाच्या नाण्याएवढं, म्हणून लक्षच दिलं नाही.

आज सकाळी डिचोलीवाल्या भावाने सांगितली तशी कॅनची टेस्ट केली. दोन तास दहा मिनिटं चालला, सगळा वरचा कुणगा झाला, एकदाही आवाज बसला नाही, पाइपात एक बुडबुडा नाही. बाबा पडवीतून उठून बांधावर येऊन उभे राहिले. म्हणजे पंप वाचला म्हणायचं ना? आता फक्त टाकी धुतली आणि पाइप बदलला की झालं का?

पंपरूम_२२
मी बेळगावात पंप रूममध्ये बावीस वर्षं काम केलंय, गोव्याकडून दर पावसाळ्याआधी आणि नोव्हेंबरात पंप येतात ते बघितलेत, त्यातले कितीतरी पंप बरे असतात, आजार दुसरीकडे असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा मोठा पंप सुटला हे खरं. पण कॅन टांगल्यावर नीट चालला म्हणून फीड पंपाला सोडून देऊ नका. कॅन उंचावर होता, पाइप मोकळा होता, त्यामुळे डिझेल आपल्या वजनानेच खाली येत होतं, फीड पंपाला ओढायची गरजच पडली नाही. ओढ नाही तर सैल जागा असली तरी हवा आत येत नाही. माझ्या मते तुमच्याकडे दोन दोष एकत्र आलेत. टाकीच्या तळाला किंवा कॉकच्या जाळीत कचरा बसून वाट अरुंद झालीय, त्यामुळे फीड पंपाला जोर लावून ओढावं लागतंय, आणि हातपंपाच्या आतली सील म्हातारी झालीय, त्या ओढीने तिथून हवा शिरतेय. टाकी भरलेली असली की वरच्या डिझेलच्या वजनाने भागतं, अर्धी झाली की भागत नाही. एकेकटा दोष असता तर ट्रॅक्टर कदाचित वर्षभर असाच ओढत राहिला असता.

हातपंप फीड पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला बसलेला असतो, आतल्या व्हॉल्व्हच्या बरोबर वर. त्याचा दांडा वापरून झाला की खाली दाबून आटे फिरवून घट्ट करायचा असतो, बरेच लोक तसाच सैल सोडतात. तुम्ही शंभर वेळा एअर काढलाय म्हणजे त्याची सील आणखी घासलीय. नवीन हातपंप बाजारात सुटा मिळतो, जुन्याच्या आट्यांशी जुळवून घ्या. फीड पंप उघडलाच आहे तर आतले दोन व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलमध्ये धुवा, व्हॉल्व्हच्या बसायच्या जागेवर खड्डा पडलाय का बघा. खाली वाटी असेल तर तिचं पॅकिंग बदला. कॉर्कचं पॅकिंग ट्रॅक्टर उन्हाळाभर उभा राहिला की सुकतं, नवं बसवायच्या आधी तासभर डिझेलमध्ये भिजवा.

तांब्याच्या वायसरबद्दल सगळे चुकतात म्हणून लिहितो. बॅंजो बोल्टाच्या (डिझेलचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टाच्या) दोन्ही बाजूचे वायसर एकदा दाबले गेले की कडक होतात, तेच परत घट्ट केले तर बसत नाहीत, मग माणूस आणखी जोर लावतो आणि आटे जातात. नवे मिळाले तर नवेच घाला. नाही मिळाले तर जुना वायसर तारेत अडकवून गॅसच्या ज्योतीवर लालभडक करा आणि पाण्यात टाका. लोखंड असं केलं की कडक होतं, तांबं मऊ होतं. वरचा काळा थर बारीक पॉलिश पेपर काचेवर ठेवून त्याच्यावर घासून काढा, म्हणजे सपाट पण होतो.

कुळागरवाल्या मित्राला रागाने नाही सांगत, पण इलेक्ट्रिक पंपाचं नका करू. कचऱ्याने बंद झालेल्या जाळीमागे पंप लावला तर तो कचराच पुढे खेचेल, आणि जिथून हवा आत येत होती तिथून आता डिझेल बाहेर गरम इंजिनवर उडेल. टूटी ऑइलचं म्हणाल तर, १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आहे, त्याच्यात गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम, त्याच्या आधीच्या बीएस-४ मध्ये ५० होतं, आणि तुमचा ट्रॅक्टर नवा होता त्या काळात कितीतरी पटीने जास्त. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणा कमी होतो हे खरं आहे, पण रिफायनरीत त्याच्यासाठी औषध घालतात आणि वंगणाची चाचणी मानकातच आहे. जुन्या ट्रॅक्टरला नव्या डिझेलचा त्रास बहुतेक रबराला होतो, जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली ओ-रिंग नव्या डिझेलमध्ये आकसते आणि झिरपायला लागते. तुमच्या हातपंपाखालचं ते ओलं नाणं बहुतेक त्याचंच आहे. रबर बदलणे हाच उपाय.

आता मोठ्या पंपाबद्दल. एलिमेंट म्हणजे प्लंजर आणि त्याचा बॅरल, त्यांच्यात फक्त दोन-तीन मायक्रॉनची जागा असते, केसाची जाडी त्याच्या वीस-पंचवीस पट. जोडी एकत्रच तयार केलेली असते, एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही. अशा जागेत पाण्याचा थेंब चार महिने बसला तर गंज चढतो आणि प्लंजर अडकतो. तुमच्याकडची हवा दमट, ट्रॅक्टर अर्ध्या टाकीवर फेब्रुवारी ते मे उभा, टाकीच्या रिकाम्या भागात रात्री पाणी सुटतं आणि तळाला जमतं. हा माझ्याकडे येणाऱ्या गोव्याच्या पंपांचा नेहमीचा आजार. टाकीत अजून पाणी असेल तर ते आज ना उद्या पंपात जाणार, म्हणून टाकी नुसती खंगाळू नका, उतरवून धुवा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. एअर काढताना नोजलकडचे (इंजिनात डिझेल फवारतात त्या भागाकडचे) नट सैल करून सेल्फ मारला तर हरकत नाही, पण इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपाला चीर गेलीय का ते बोटाने चाचपू नका, आणि बाहेर काढलेल्या नोजलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. ते डिझेल कातडीत घुसतं, बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला दुखत पण नाही. आमच्याकडच्या एका मुलाचं बोट त्याच्यात गेलं, कारण तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला. असं झालं तर त्याच तासाला जायचं आणि डॉक्टरला डिझेल प्रेशरने आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं. पुठ्ठा धरून बघा, हात नको.

सत्तरी_डिझेल
पंपरूमवाल्या भावाने लाखाची गोष्ट सांगितली, दोन दोष एकत्र हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी एवढंच जोडतो की टाकीला गंजून भोक सापडलं तर कुणाकडेही नेऊन वेल्डिंग करू नका. डिझेलची रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, आतल्या वाफेने फुटते. रेडिएटरवाल्याकडे धुऊन डाग मारून घ्या. आणि डिझेल साठवायला गॅल्व्हनाइजचा डबा वापरत असाल तर तो बंद करा, जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि नोजलला जाऊन बसतं.

पेडणे_वायंगण
तीन दिवस लागले, पण सगळं केलं, सांगतो.

टाकी उतरवली. कॉकचा नट १९ च्या पान्याने सैल केला तर डिझेल यायच्या जागी आधी चमचाभर काळं, शेवाळासारखं बुळबुळीत काहीतरी आलं, त्याच्या मागून पाणी, मग डिझेल. काचेच्या बाटलीत धरलं तर खाली दोन बोटं पाणी आणि पाणी-डिझेलच्या मध्ये तो काळा पडदा. कॉकच्या वर टाकीत जी पितळी जाळी असते ती अर्ध्याहून जास्त बुजलेली होती. मी ती उजेडात धरली तर फक्त एका बाजूने नखाएवढ्या जागेतून उजेड दिसत होता. एवढ्या वाटेने तो चिखलणी करत होता, मला खरंच वाईट वाटलं.

आत धुण्यासाठी बाबांनी जुनी पद्धत सांगितली, टाकीत थोडं डिझेल आणि मूठभर लोखंडी नट घालायचे, तोंड बांधायचं आणि दोघांनी मिळून हलवायचं. नट मोजून घाल म्हणाले. २१ घातले, २१ काढले, मधल्या एकासाठी अर्धा तास टाकी उलटी-सुलटी करत बसलो. पाच वेळा डिझेल बदललं तेव्हा कुठे स्वच्छ यायला लागलं. भोक वगैरे काही नाही, आतून थोडा गंज आहे.

हातपंप म्हापशात मिळाला, आटे जुळवून घेतला. जुन्याच्या आत ओ-रिंग होती ती बाहेर काढताना हातात तुकडे झाली, बांगडी फुटते तशी. फीड पंपाचे व्हॉल्व्ह धुतले, जागा चांगली आहे. वायसर चार नवे मिळाले, दोन लाल करून पाण्यात टाकले, ते काम बाबांनीच केलं, मला हात लावू दिला नाही. टाकीकडून येणारा पाइप पण नवा घातला, डिझेलचाच.

मग एअर काढला, आधी फिल्टरच्या बोल्टाला, मग पंपाच्या, शेवटी नोजलचे दोन्ही नट. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारला नाही, मध्ये थांबत गेलो. चालू झाला तेव्हा बाबांनी डोळे मिटले आणि मिनिटभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आता बरोबर.

काल आणि आज मिळून नऊ तास चालवला, अर्ध्या टाकीवर पण. बंद नाही, रेस वर-खाली नाही, सकाळी हातपंपाखाली कोरडं. वाड्यावरच्या दोन घरांचं राहिलेलं उद्या करतो, त्यांचं पाणी परवा बंद होतंय.

पंपाची सील तशीच आहे.

एक छोटी शंका राहिली. बरा चालतो, पण बांधाजवळ जिथे माती चिकट आहे तिथे फुल लोडवर किंचित दबल्यासारखा वाटतो, बंद नाही पडत, फक्त जीव थोडा कमी. आधी पण असाच होता का ते आठवत नाही. आणि जुनी नोजलं आहेत त्यांच्यावर डीएलएलए आणि पुढे नंबर कोरलाय, बदलायची वेळ आली तर कुठली घ्यायची ते कसं कळणार? पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना २०१६ ला बंद झाल्यापासून कंपनीचं पुस्तक पण कुठे मिळत नाही.

डिचोली_१०३५
नोजलचं मी सांगतो. तो नंबर पूर्ण उतरवून घ्या, एक अक्षर सोडू नका. डीएलएलए नंतर येणारा आकडा फवाऱ्याचा कोन असतो, पुढचं अक्षर साइझचं. कोन दुसरा घेतला तर डिझेल पिस्टनच्या वाटीत न पडता भलतीकडे पडेल, काळा धूर येईल. दुकानदार म्हणेल हे पण बसतं, बसतंच, पण फवारा बघून घ्या. आमचं सामान कोल्हापूरच्या उद्यमनगरातून येतं, जुनं नोजल हातात घेऊनच जातो. आणि टाकी संध्याकाळी भरून ठेवायची सवय लावा, सकाळी नको.

पंपरूम_२२
वाचून आनंद झाला. बाबांना माझा नमस्कार सांगा, सील राखली ते फार चांगलं केलं.

फुल लोडवर दबतो त्याला आधी ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह बघा. फिल्टरकडून किंवा पंपाकडून जादा डिझेल परत नेणारा रिटर्नचा पाइप जिथून निघतो तिथल्या बोल्टात एक गोळी आणि स्प्रिंग असते. त्या स्प्रिंगमुळे पंपाच्या गॅलरीत (डिझेल साठायच्या आतल्या पोकळीत) साधारण एक-दीड बारचं प्रेशर टिकून राहतं. स्प्रिंग मेली की डिझेल सगळं रिटर्नला पळतं आणि लोडवर पंपाचं पोट भरत नाही. तपासायला सोपं, लोडवर असताना दोन मिनिटं रिटर्न किती येतोय ते बाटलीत धरून बघा, धो-धो येत असेल तर स्प्रिंग गेली. स्प्रिंग ताणून परत घालतात तसं करू नका, आठवड्यात परत बसते. पूर्ण व्हॉल्व्ह मिळतो, तोच घाला.

दुसरं, मोठ्या पंपाच्या आतलं तेल बघा. त्याला स्वतःचं तेल असतं, बाजूला काडी असेल. काडीवर लेव्हल वर गेली असेल आणि तेल बोटावर पाण्यासारखं पातळ लागलं, डिझेलचा वास आला, तर फीड पंपाच्या दांड्याकडून डिझेल आत जातंय. तेवढं असेल तर तेल बदला आणि फीड पंपाचा दांडा मला दाखवा, बॉडीवरच्या पट्टीचा फोटो टाका, नंबर नीट दिसेल असा. नोजलं एवढ्यात काढू नका, धूर साफ असेल तर त्यांना राहू द्या. हंगाम संपला की जून लागायच्या आधी प्रेशर टेस्ट करून घ्या, त्यासाठी पंप उतरवायची गरज नाही, फक्त दोन नोजलं पिशवीत घालून आणायची, आणि त्यांचे वायसर आठवणीने बरोबर आणा.

पेडणे_वायंगण
काडी बघितली. लेव्हल बरोबर आहे, तेल काळं पण जाडच, डिझेलचा वास नाही. रिटर्न मात्र धो-धो येतोय, दोन मिनिटांत बिस्लेरीची बाटली भरून वर आली. व्हॉल्व्ह सोडवला तर आतली स्प्रिंग बोटाने दाबली की तशीच दबून राहतेय. शुक्रवारी म्हापशाला बाजाराला जातोच आहे, जुना खिशात घालून नेतो.